जीपचं दावं

चहा येईस्तोवर माझ्या पहिल्या गाडीचं सांगतो. केदारखेड्याच्या रामभाऊ काकांची जुनी जीप घेतल्ती, मागं माल भरायला लाकडी हौदा केलेली. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवल्याबिगर चालू व्हायची न्हाई. सौदा झाला, काकांनी सोता हँडल मारलं, अन् मी गाडी थेट आमच्या धावड्याला आणून दारात बंद केली.

मंग ध्यानात आलं, हँडलच न्हाई. दुसऱ्या दिवशी मिरचीची पोती जालन्याला न्यायची होती, पहिलंच भाडं. बायको म्हणली, "फसवलं तुमाला म्हाताऱ्यानं."

तांबडं फुटायला काका सायकलवर दारात, हँडल कॅरिअरला बांधलेलं.

"चुकलं बाबा. बैल इकला तरी दावं देत न्हाईत, दाव्यासंगं घरची लक्ष्मी जाते. त्याच सवयीनं हँडल नेऊन खुंटीला अडकवलं."

"मंग काका, आता तुमच्या लक्ष्मीचं कसं?"

काकांनी जीपवरनं हात फिरवला. हौद्यात त्यांचाच पोती बांधायचा दोर पडला होता. तो मी त्यांच्या हातात दिला.

"हां, हे बराबर झालं," म्हणले, अन् हँडल मारून गाडी चालू करून दिली.

त्याच गाडीवर माझं घर उभं राह्यलं. पुढं एकदा केदारखेड्याला गेल्तो, तर गोठ्यात बैलांच्या दाव्यांशेजारी तो दोर टांगलेला, हळदकुंकू लावलेला. काकू म्हणली, "पोळ्याला ह्याची बी पूजा करतो. दोर आमच्या घरासाठी ठिवलाय, पण हात तुझ्या गाडीसाठी जोडतो."