हजार खुणा आणि एक दात

...नाही, पण स्टेपलर माझ्याच कपाळावर का? तुम्हीच सांगा! भांडण त्या दोघांचं, कंप्युटर त्या दोघांचे, आणि टाके कुणाला? मला! पाच! अहो, मी फक्त खुणा करणारा माणूस!

तुम्हाला सांगतो काय झालं ते. आमच्या इस्पितळात जुनी कार्डं आठ लाख. एकाच पेशंटची तीन-तीन, कारण दर वेळी लिहिणारा वेगळा, म्हणून नावही वेगळं. एका कार्डावर लाल शाईत लिहिलंय, 'हे इंजेक्शन दिलं तर जीव जाईल', आणि डॉक्टरांच्या हातात पडतं दुसरंच! म्हणून आमच्या इस्पितळाच्या मोठ्या मॅडमनी ठरवलं, सारखी नावं मशीनने जुळवायची. आणि प्रोग्रॅम लिहायला बोलावलं कुणाला? दोन साडूंना! दोन सख्ख्या बहिणींचे नवरे हो, दहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले, आणि बसवले एका खोलीत. माझ्या!

थोरला म्हणतो, अक्षरं मोजा. एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी लागतात? एकच? मग माणूसही एकच! धाकटा खो-खो हसतो, "वा साडूभाऊ! म्हणजे माळी आणि साळी एकच? उद्या माळ्याचं अपेंडिक्स साळ्याच्या पोटातून काढाल!" त्याचं म्हणणं, आवाज ऐका. श आणि स एका डब्यात, न आणि ण एका डब्यात, डबे जुळले की माणूस जुळला. थोरल्याने टेबलावर मूठ आपटली, "बोबड्यांसाठी बनवलीस का रे ही पद्धत?" बघा, पहिल्याच दिवशी अरे-तुरे!

मॅडम म्हणाल्या, भांडू नका, परीक्षा घेऊ. हजार जोड्या काढायच्या, कोणती जोडी एकाच माणसाची ते हाताने तपासून खूण करायची, तीच उत्तरपत्रिका. जो तिच्याशी जास्त जुळेल त्याला काम. आणि खुणा कोण करणार? मी! जन्मतारीख बघ, पत्ता बघ, सही बघ, खूण कर... सहाशे जोड्या केल्या हो इमानाने! मान आखडली, डोळ्यांना धार लागली. आणि मग... कुणाला सांगू नका हं... टेबलावर धाकट्याच्या मशीनमधून निघालेली यादी पडली होती. उरलेल्या चारशे मी तिच्यावरूनच उतरवून काढल्या. काय करणार? मी फक्त खुणा करणारा माणूस!

निकाल लागला. पहिल्या सहाशेत दोघे बरोबरीत. पुढच्या चारशेत धाकट्याला... चारशेपैकी चारशे! थोरला उठलाच. "एकही चूक नाही? ब्रह्मदेवाने लिहिलाय का प्रोग्रॅम?" धाकटा गोड हसून म्हणतो, "जळू नका साडूभाऊ. चूक एकच झाली, सासऱ्यांनी थोरलीसाठी तुम्हाला पसंत केलं ती!"

झालं! स्टेपलर सुटला. धाकटा वाकला, मी नाही वाकलो! धाकट्याने कीबोर्ड उचलून थोरल्याच्या कानफटात हाणला, बटणं दाण्यांसारखी उडाली. थोरल्याने धाकट्याचा कंप्युटर उचलून त्याच्याच पाठीत घातला. धाकट्याने थोरल्याचा कंप्युटर लाथेने खाली पाडला आणि त्याच्यावर लोखंडी खुर्ची... एकदा, दोनदा, तीनदा! भिंतीवर रक्त, आणि ते नक्की कुणाचं हे जुळवायला कुठली पद्धत आहे सांगा!

आणि मला आठवलं ते लाल शाईतलं कार्ड. माझ्या खोट्या खुणांवर विसंबून उद्या कुणाला भलतंच इंजेक्शन टोचलं तर? नाही, सांगून टाकायचं! थोरल्याने माझी कॉलर धरलीच, "बोल! खुणा खऱ्या का खोट्या?" मी तोंड उघडलं, आणि थोरल्यासाठी निघालेला धाकट्याचा ठोसा माझ्या जबड्यावर! खरं राहिलं आत, दात आला बाहेर. वर ते दोघं माझ्या हातावर कोसळले. कटकन मनगट गेलं!

मॅडम आल्या, दोघांना हाकललं. माझ्याकडे बघून त्यांचे डोळे भरून आले हो! म्हणाल्या, "या खोलीत प्रामाणिक काम तुमच्या एकट्याचंच. नकोत ती मशीनं. आठही लाख कार्डं आता तुम्हीच तपासा. हाताने!"

कुठल्या हाताने? उजवा प्लास्टरमध्ये! आणि कुठल्या तोंडाने नाही म्हणू? मी फक्त खुणा करणारा माणूस... आणि आता उतरवून काढायला यादीसुद्धा नाही, दोन्ही मशीनं फुटलीत!