सटवाजी आणि म्याक साहेबाची चाल

मंडळी, मागचे जरा पुढं सरका. रिकाम्या सतरंजीपुढं बोलायची मला सवय आहे, पण आज ती नको.

या शोकसभेची परवानगी काढायला ठाण्यावर गेलो तेव्हा अमीनसाहेबांनी विचारलं, "मरनेवाला कौन?" म्हटलं, वडीगोद्रीकडचा सटवाजी धनगर. मशकबाजा वाजवायचा. "तकरीर होगी?" म्हटलं, भाषण कसलं साहेब, जमले तर चार शब्द. सही करता करता ते थांबले. म्हणाले, "वो काखवाला बाजा? मेरी शादी में बजाया था उसने."

मंडळी, ते चार शब्दच जमत नाहीत. माझी जीभ जिवंत माणसांवर चालते, हे इथं बसलेल्या निम्म्या लोकांना सोसून माहीत आहे. मेलेल्या मित्रापुढं ती लुळी पडते. तरी बोलणार आहे. कारण मातीच्या दिवशी जिथं बोलायचं होतं, तिथं मी गप्प बसलो. ते शेवटी सांगतो.

आधी हा बाजा सटवाजीच्या काखेत कसा आला ते ऐका.

गोऱ्यांच्या छावणीत घागरेवाल्या पलटणीचा एक म्हातारा वाजवणारा होता. त्याचं पुरतं नाव कुणालाच घेता आलं नाही, म्हणून म्याक साहेब. त्याच्या बाजाची कातडी पिशवी फाटली. सटवाजी मैदानाच्या कडेला मेंढरं घेऊन उभा. बघून म्हणाला, "साहेब, हे तर मेंढराचं पोट हाय. आन इकडं, मी शिवतो." शिवली. वारा सुटू नये म्हणून आतून काकवी फिरवली. दुसऱ्या दिवशी साहेबानं बाजा काखेत धरला आणि मुंगळ्यांनी साहेबाला धरलं. सटवाजी सांगायचा, "मास्तर, साहेब वाजवून कमी आन नाचून जास्त राह्यला." दोस्ती तिथून झाली.

साहेब रोज सांजेला ओसरीवर बसून एकच चाल वाजवायचा. ऐकून ऐकून सटवाजीनं ती उचलली. एकदा खुणेनं विचारलं, ही कशाची? साहेबानं भिंतीवरची तसबीर दाखवली. त्यात साहेब जवान, शेजारी मडम, मडमेच्या हातात फुलं. सटवाजीला काय कळायचं ते कळलं. ही लग्नाची चाल!

झालं. साहेबाकडून जुना बाजा मागून घेतला. जोडीला गेनबाचा ढोल. हे काय, गेनबा समोरच बसले आहेत. ती चाल दुडक्या ठेक्यावर चढली आणि अंबडपासून भोकरदनपर्यंत तिच्याशिवाय अक्षता पडेनात. माझ्या लग्नातही तीच वाजली.

मग ती जत्रा आली. थंडी लागली की त्या साहेब लोकांची मैदानावर जत्रा भरायची, आपल्या मुलखाच्या आठवणीची. आपल्याकडं घागरा घातलेला पुरुष बघायला तमाशाला जावं लागतं; तिथं खुद्द कप्तान घालून उभा. कुणी झाडाचं खोड उचलून फेकतोय, कुणी तलवारीवर नाचतोय. दोरीबाहेर आपण सगळे फुकटचे प्रेक्षक. त्या साली म्याक साहेबाला दमा लागलेला. त्यानं सटवाजीला पुढं केलं. रिवाज असा, की पहिली चाल परमुलखात मेलेल्या आपल्या माणसांसाठी. सगळे टोप्या काढून उभे. साहेबानं खूण केली, तीच वाजव.

सटवाजीनं वाजवली. अक्षता पडतात तशी! गेनबानं ढोलावर दणका दिला. दोरीबाहेरच्या बायका फेर धरायच्या बेतात. आणि आत सगळे साहेब लाल. कप्तान तरातरा पुढं आला. आता बाजा हिसकावणार, चाबूक बसणार, असं सगळ्यांना वाटलं. म्याक साहेब खुर्चीतून उठला, मधे उभा राहिला. हळूच म्हणाला, "सटवाजी, ये मरने का गाना है. मेरी मेमसाब मर गई, उसका."

सटवाजीनं बाजा काखेतून खाली घेतला. पण म्हातारा हसत होता. डोळे पुसत म्हणाला, "बजाओ. उसको नाचना अच्छा लगता था."

साहेबानं माफ केलं, पण सटवाजीनं स्वतःला केलं नाही. माझ्याकडं आला. "मास्तर, एवढ्या लेकरांच्या डोक्यावर मी मर्तिकाचं वाजवून आल्तो. काय झालं असंल त्यांचं?" बाजा खुंटीला टांगला आणि गावोगाव पायी निघाला. ज्या ज्या मांडवात वाजवलं, त्या त्या दारात गेला. कबूल केलं आणि विचारलं, समदं बरं हाय ना?

आष्टीची एक सासू म्हणाली, "सून भांडती, बिलकुल खरं. पण ते तुझ्या बाजामुळं न्हाई, तिच्या मायमुळं. बस, च्या घे." कुठं पाळण्यातलं पोर मांडीवर दिलं, कुठं बारशाची सुपारी. माझ्याही दारात आला. आमची मंडळी आतून म्हणाली, "ह्यांच्याशी लग्न लागत होतं, मंग मर्तिकाचंच वाजवायला पायजे होतं. बराबर वाजवलं."

सटवाजी पोट धरून हसला. घरी जाऊन खुंटीवरचा बाजा काढला. म्याक साहेब मायदेशी परतला, तेव्हा आपलाही बाजा सटवाजीलाच देऊन गेला.

आता मातीच्या दिवसाचं. सटवाजीची लेक रखमा, बापाकडूनच शिकलेली, बाजा घेऊन आली. जाणते म्हणाले, "लग्नाची चाल मर्तिकात वाजवती का गं? उद्या आमच्या पोरीबाळींच्या मांडवात ती कशी वाजवावी?" रखमानं माझ्याकडं पाहिलं. सगळ्या गावाला टोचणारा हा मास्तर जमिनीकडं बघत राहिला. ज्या कामासाठी ती चाल जन्मली, त्या कामाला ती आमच्या सटवाजीला मिळाली नाही.

जाणते हो, तुमची भीती मला कळते. पण एकच विचारतो. मरणाची चाल आपल्या मांडवात आली, तेव्हा कुणाचं वाईट झालं? सटवाजी दारोदार विचारून आला आहे. मग लग्नाची चाल एक दिवस त्याच्यासाठी माघारी गेली, तर आपल्या पोरींचं काय बिघडेल? पुढच्या महिन्यात आष्टीला त्या सासूच्या नातीचं लग्न आहे. काल तिचा निरोप आला: "रखमाला म्हणावं, आधी बापाला वाजव, मंग माझ्याकडं ये. आमाला चालतं."

रखमा, ये. सुतकात रोज तू त्या पिशवीला काकवी लावत होतीस, मी पाहिलं आहे.

मंडळी, दोन मिनिटं स्तब्ध राहा असं मी सांगणार नाही. फक्त उभे राहा. रखमा, म्याक साहेब ओसरीवर वाजवायचा तशी, सावकाश. आणि गेनबा, मधेच तुमचा हात ढोलाकडं गेला, तर आवरू नका.

सटवाजी, राम राम.