विहिरीवर पास झालेलं इंजिन

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे प्राचार्य माननीय धम्मरत्न भगत साहेब, प्रमुख पाहुणे आणि लोहारा औद्योगिक वसाहतीतले कारखानदार माननीय इंद्रजीतजी राऊत, आजचे सत्कारमूर्ती आदरणीय खेमसिंग राठोड सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या बबितावहिनी, संस्थेतला शिक्षकवर्ग, सरांचे आजी-माजी विद्यार्थी, दारव्ह्याकडच्या तांड्यावरून सकाळीच जीप भरून आलेली सरांची मंडळी, आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मी घनश्याम भोयर. बाभुळगावजवळ शेती करतो. निवेदकांनी माझी ओळख 'स्वर्गीय रजतचे मोठे बंधू' अशी करून दिली. बरोबर आहे. या सभागृहात मला दुसरी ओळख नाही. बोलण्याची सवयही नाही. शाळेत असताना एकदा भाषणाला उभा राहिलो होतो, तेव्हा 'अध्यक्ष महाराज' म्हणून झाल्यावर खालीच बसलो. आज तेवढ्यावर भागणार नाही.

सरांनी मोटार मेकॅनिकच्या वर्गाला किती वर्षं शिकवलं, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं आहे. मी एवढंच म्हणतो, की आपल्या दारव्हा रोडवर कोणाची गाडी बंद पडली आणि कोणी मदतीला थांबला, तर तो बहुतेक सरांचाच विद्यार्थी निघतो. आणि गाडी सुरू करण्याआधी तो गाडीमालकाला रागावतो. हेही सरांचंच शिक्षण. सर हसले, म्हणजे खरं आहे.

माझा धाकटा भाऊ रजत त्याच वर्गातला. वर्ग संपला तरी त्याने सरांना सोडलं नाही. त्या दोघांनी विमान बांधायला घेतलं, हे इथे बसलेल्या बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांनी हसू नये. आम्ही घरच्यांनी हसून घेतलं होतं.

एका माणसाचं छोटं विमान. सांगाडा नळ्यांचा, त्यावर कापड, पुढे लाकडी पंखा. हे सगळं आमच्या कापसाच्या कोठ्यात उभं राहिलं. अडलं ते इंजिनवर. विमानाचं इंजिन आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून मोटारीचं बसवायचं ठरलं. लोहाऱ्याच्या जुन्या मालातून दोन इंजिनं आणली. एक लहान मोटारीचं, तीन सिलिंडरचं, हलकं. दुसरं व्हॅनचं, चार सिलिंडरचं, जड. रजतला हलकं हवं होतं, सरांना जड.

त्यांचा वाद आमच्या ओसरीत चालायचा. सर म्हणायचे, "रजत, रस्त्यावर इंजिन थकलं त बाजूले उभं करता येते. वरत बाजू कोठी आहे?"

रजत म्हणायचा, "मान्य आहे जी. पण जड बसवलं त वरत जाच लागत नाही. खालीच उभं आहे मंग."

"तू जेवण कमी कर. वजन भरून निघते."

यावर आमची आई, मैनाबाई, आतून म्हणायची, "मास्तर, इंजिन कोणतंबी घ्या. पोराले उपाशी नोका ठेवू."

मग सरांनी खरा प्रश्न काढला. मोटारीचं इंजिन घाटात जोर लावतं आणि उतारावर दम खातं. विमानाचं इंजिन वर चढताना दम खात नाही, सतत जोरातच चालतं. आपल्याकडे असं सतत जोरात काय चालतं? उत्तर रजतने दिलं. विहिरीवरचा पंप. दोन्ही इंजिनं पाळीपाळीने पंपाला जोडायची आणि गव्हाला पाणी द्यायचं. जे दमणार नाही, ते विमानाला.

मला ती युक्ती फार आवडली होती. आजही वाटतं, अशी युक्ती दुसऱ्या कोणाला सुचली नसती. सगळा हंगाम आमचा गहू मोटारीच्या इंजिनवर भिजला. शेजारचे भावसिंग दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभे राहून विचारायचे, "काय घनश्यामभाऊ, गव्हाले विमानानं पाणी देऊन राह्यले काय?" आणि रजत तिकडून ओरडायचा, "भावसिंगभाऊ, गहू उडाला त पकडजा, तुमच्याच वावरात येईन."

हलकं इंजिन जिंकलं. सकाळी सुरू केलं की लोडशेडिंग संपून वीज येईपर्यंत एका सुरात चालायचं. सर यायचे, इंजिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पाइपवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "गार आहे." शेवटी त्यांनीच सांगितलं, की जडाचा हट्ट मी सोडतो, हेच बसवा. विमानात बसवल्यावर त्याला गाडीचं रेडिएटर लावलं, शेपूट निंबाला दोराने बांधून चालवून पाहिलं. तेही थंडीतल्या सकाळी आणि थोडाच वेळ. जास्त कशाला चालवायचं? इंजिन तर विहिरीवर पास झालेलं होतं.

उडवण्याची परवानगी आलेली नव्हती. अर्ज गेलेला होता. तोवर आमच्या पडीत वावरात जमिनीवरच पळवून पाहायचं ठरलं होतं. त्या दिवशी एप्रिलचं ऊन होतं. मध्येच गाईंचा कळप आडवा आला, तो जाईपर्यंत इंजिन चालूच होतं. मग रजत निघाला. वारा समोरून होता आणि विमान हलकं होतं. ते उचललं गेलं. पुढे वावर संपत होतं, खाली उतरायला जागा उरली नव्हती, म्हणून तो वर घेत गेला असणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आठवतात. नाल्यापलीकडे आवाज बसत गेला आणि मग थांबला.

आम्ही धुऱ्याने फिरून, नाला ओलांडून पोचलो, तेव्हा तो शुद्धीवर होता. सरांकडे पाहून म्हणाला, "सर, लय तापलं." यवतमाळला पोचेपर्यंत तो राहिला नाही.

मंडळी, अशा प्रसंगी असं बोलू नये, हे मला कळतं. पण मी आज का बोलतोय, ते यानंतरच सांगता येईल.

पुढचे कित्येक महिने सर एकच वाक्य म्हणत होते. "मी हात लावून पाह्यला होता." आमच्याकडे यायचे, चहा घ्यायचे, हेच म्हणायचे. आई म्हणायची, "मास्तर, चहा थंडा होते." इंजिनला काही फार झालं नव्हतं. मी ते दुरुस्त करून पुन्हा विहिरीवर लावलं. लोक म्हणाले, ते घरात ठेवू नका, विकून टाका. मला विकवलं नाही. पुढच्या हिवाळ्यात सर आले, तेव्हा ते गव्हाला पाणी देत होतं. सरांनी सवयीने पाइपवर हात ठेवला. मग ते खाली वाकून काहीतरी पाहू लागले आणि तिथेच धुऱ्यावर बसले.

आपल्याकडे विहिरीवरच्या इंजिनला रेडिएटर कोण लावतं? पंपाच्या तोंडाशी एक बारीक पाइप जोडायचा, विहिरीचं गार पाणी इंजिनमधून फिरवायचं आणि गव्हाच्या दांडात सोडायचं. माझ्या वडिलांचं डिझेल इंजिन असंच होतं, भावसिंगचं असंच आहे, सरांच्या तांड्यावरही असंच. आम्हीही तसंच जोडलं होतं. कोणी जोडलं, हेही आता आठवत नाही. त्यात ठरवण्यासारखं काही होतं, असंच कोणाला वाटलं नाही.

सर मला म्हणाले, "घनश्यामभाऊ, आपण इंजिन नाही तपासलं. आपण विहीर तपासली."

विहीर चांगलीच आहे आमची.

आता इथे स्टेजवर झेंडूचा हार घातलेलं, कापडाखाली झाकलेलं जे आहे, ते दुसरं इंजिन. व्हॅनचं, जड. सरांनी त्याला मोठं रेडिएटर लावलं आहे, यंदाच्या उन्हाळ्यात भर दुपारी, विहिरीच्या पाण्याशिवाय चालवून पाहिलं आहे. दुसरा सांगाडाही तयार होत आला आहे. त्या विमानाला रजतचं नाव द्यायचं आणि इंजिनवर नारळ मी फोडायचा, असं सत्कार समितीने ठरवलं. समितीचा हेतू चांगला आहे. विद्यार्थ्यांनी पदरमोड करून हे केलं, त्यांचा मी ऋणी आहे. पण त्यात कोण बसणार, हे पत्रिकेत छापलेलं नाही. त्यात सर बसणार आहेत. नोकरी आहे तोवर नियमांचा अडसर होता, तो आज संध्याकाळी संपतो.

सकाळी मी सरांच्या घरी गेलो होतो. विचारलं, "सर, कायले?"

सर म्हणाले, "चूक सापडली न आता."

मी म्हटलं, "एक सापडली."

सर म्हणाले, "तो बसला होता भाऊ. मी खाली उभा होतो."

बबितावहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

सर, तुम्ही मला वयाने आणि ज्ञानाने मोठे. पण मला जे वाटतं ते इथे म्हणतो. पहिली चूक आपल्या डोळ्यांसमोर सगळा हंगाम वाहत होती. तिच्यात आपण हात धुतले, तिचं पाणी प्यायलो. ती आपल्याला दिसली नाही, कारण आपण सगळे जन्मापासून तसंच करत आलो होतो. मग दुसरी दिसेल कशावरून? या जड इंजिनमध्ये आपण आपली कोणती सवय बसवून ठेवली आहे, हे मला सांगता येत नाही, तुम्हालाही येत नाही. ते वर गेल्यावरच कळेल. आणि सर, तुम्ही बसल्याने तो उठणार नाही.

तुमची चूक आहे असं मी कधी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही, आणि तेच ऐकायला तुम्ही येत होता, हे मला कळत होतं. मला ते म्हणता आलं नाही. आजही येत नाही. पण त्यापायी तुम्ही वर जाऊ नका. आईनेही तेच सांगून पाठवलं आहे. तिचे शब्द असे आहेत, "मास्तरले म्हणा, एक गेला तेवढं पुरे."

भगत साहेब, राऊत साहेब, मला माफ करा. नारळ मी फोडू शकत नाही. तुमच्यापैकी कोणी फोडला तर मी अडवणार नाही.

सर, एवढ्या लोकांसमोर एकदा म्हणा, की मी बसणार नाही. माईक तुमच्याकडे देऊ का?

बरं. राहू द्या.

सर 'बसणार नाही' असं म्हणणार नाहीत, हे घरून निघतानाच मला ठाऊक होतं. मला वाटतं वहिनींनाही ठाऊक आहे.

मग एक गोष्ट ठरवून घेऊ. त्या दिवशी आम्ही सगळे विमान निघतं त्या टोकाला उभे होतो. नाल्यापलीकडे कोणीच नव्हतं. पोचायला उशीर झाला तो त्यामुळे. सर, तुम्ही ज्या दिवशी निघाल, त्या दिवशी मला आधी निरोप द्या. मी तुम्हाला निरोप द्यायला येणार नाही. जीप घेऊन मी नाल्यापलीकडे उभा राहीन, गादी टाकून, इंजिन चालू ठेवून.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, याबद्दल मी आपला आभारी आहे. चांगल्या दिवशी नको ते बोललो, सत्काराच्या भाषणात सत्कार राहूनच गेला. लहान समजून तो अपराध पोटात घाला. सरांना आणि वहिनींना माझा नमस्कार. जेवणाची व्यवस्था मागच्या शेडमध्ये आहे, कोणी न जेवता जाऊ नये.