आखूड पायाची खुर्ची

बायको : अहो, हात लावू नका. पाटी वाचा. 'स्पर्श करू नये.'

नवरा : अगं, पण ही आपली खुर्ची आहे.

बायको : हळू बोला. आपली खुर्ची मी गेल्या वर्षी भंगारवाल्याला दिली. ही दीडशे वर्षांची आहे. पेपरच्या पुरवणीत फोटोखाली छापलंय. तुम्हीच सकाळी मला दोनदा वाचून दाखवलंत.

नवरा : म्हणून तर आलो. फोटोत डावा पाय बघितला आणि ओळखली.

दुकानदार : या काका, या काकू! पुरवणी वाचून आलात ना? सकाळपासून नुसती रीघ लागलीय. जुन्या वस्तू पुष्कळ बघितल्या, पण ही बात वेगळी. मोठ्या घरच्या बागेतली खुर्ची. कारागीर अज्ञात.

बायको : अज्ञातच राहू द्या बिचाऱ्याला.

दुकानदार : आणि हा पाय बघा. बोटभर आखूड. मुद्दाम ठेवलेला!

नवरा : मुद्दाम?

दुकानदार : त्या काळचे कसबी लोक एक खोट ठेवायचेच. दृष्ट लागू नये म्हणून.

बायको : आमच्या ओळखीचे एक आहेत. त्यांच्या कामाला दृष्ट लागायची भीतीच नसते.

नवरा : अगं, पण पुरवणीत 'पाठीचा डौल' म्हटलंय. डौल!

बायको : ऐकलं. दोनदा.

दुकानदार : काकांना जाण दिसतेय.

नवरा : छे हो, जाण कसली. मी... म्हणजे मला वाटतं, ही मीच केलीय. संध्याकाळच्या सुतारकामाच्या वर्गात, एकतीस वर्षांपूर्वी. माझी चूकही होत असेल.

दुकानदार : काका, चेष्टा करताय गरिबाची.

बायको : चेष्टा नाही. बारा आठवड्यांचा वर्ग होता. कुणी स्टूल केलं, कुणी चांगलं कपाट केलं. आमच्या घरी ही आली. तीही लंगडत.

दुकानदार : काकू, तीन महिने पॉलिश केलंय मी हिला. आणि ज्याच्याकडून घेतली, तो म्हणाला, मोठ्या घरची आहे.

बायको : घर मोठंच आहे. माणसं दोनच.

नवरा : बैठकीखाली बघता का जरा? पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं असेल. नसलं तर मी मुकाट्यानं जातो.

बायको : खाली लिहिलंय? मला कधी सांगितलं नाहीत.

नवरा : तू कधी उलटी केली नाहीस.

(दुकानदार खुर्ची उलटी करतो.)

दुकानदार : आहे... पुसट आहे. 'हिला बागेत बसायला. एक पाय चुकला आहे. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करीन.'

बायको : कुठला हो तो आठवडा?

नवरा : राहून गेलं. तू एकदा बसलीस, खुर्ची डुगडुगली, आणि तू उठलीस ती उठलीसच. म्हटलं, आता दुरुस्त करून तरी कोण बसणार.

बायको : मला वाटलं, तुम्ही स्वतःला पुस्तक घेऊन बसायला केलीत. म्हणून नाही बसले परत.

नवरा : मीही नाही बसलो. तुझी होती ना.

बायको : म्हणजे तीस वर्षं तिच्यावर कुंडीच बसली.

दुकानदार : थांबा. बैठकीवरचा हा गोल डाग कुंडीचा आहे? अहो, पुरवणीवाल्यांना मी घराण्याची मुद्रा सांगितली! मेलो. पाच वाजता बागा सजवणाऱ्या बाई न्यायला येतायत. तळ्याकाठी ठेवणार आहेत.

नवरा : तळ्याकाठी? मग जाऊ द्या त्यांच्याकडे. खरं वय तेवढं सांगा. तिथं निदान कुणी बसेल तरी.

बायको : कोण बसेल?

नवरा : कुणीही.

बायको : फोन करा हो त्या बाईंना. म्हणावं, खुर्चीची मालकीण सापडली. तुमच्या पॉलिशचं काय ते आम्ही बघू.

दुकानदार : आणि 'अज्ञात कारागीर' छापून गेलंय, त्याचं काय?

बायको : पुढच्या वेळी छापायला सांगा, कारागीर सापडला, अजून शिकतोय. अहो, खुर्ची सरळ करा आणि खिशातली ती पुरवणी द्या इकडे.

नवरा : अगं, त्याच पानाची घडी नको ना. जपून ठेवणार होतो.

बायको : 'डौल' वरच्या बाजूला ठेवलाय. उचला खुर्चीचा डावा पाय, खाली सारते. थांबा, अजून एक घडी. हं, सोडा आता.

नवरा : हलतेय?

बायको : बसल्याशिवाय कसं कळणार? ती पाटी काढा हो जरा.

दुकानदार : काढली, काकू. बसा.

नवरा : हलतेय का गं?... अगं, बोल की. हलतेय?

बायको : गप्प राहा जरा. मला बसू द्या.