शेवटचा टोला

— नाही, त्या स्टुलावर नका बसू भावजी, त्याचा पाय कधीचा डुगडुगतोय, तुमच्या वजनाला तो टिकायचा नाही. इकडे बसा, या पेटीवर, दोरापासून जरा लांब. आणि आधी दम घ्या. मनोऱ्याचा जिना चढायची सवय गेली तुमची, कमिटीचे सेक्रेटरी झाल्यापासून तुमचं सगळं खालच्या खालीच चालतं. पाणी हवंय? बाटली खिडकीत आहे. घाई काही नाही, सरकारी पाहुण्यांचं भाषण आत्ता कुठे रंगात आलंय. या झरोक्यातून सगळं ऐकू येतं, दिसतंही — वेदी, पाळकांचं डोकं, पहिला बाक. म्हणून तर इथून कळतं मला दोर कधी ओढायचा. ऐका, पुन्हा म्हणाले स्वातंत्र्य. आल्यापासून तोच शब्द चाललाय, आणि प्रत्येक वेळी म्हणाले की पहिला बाक टाळ्या वाजवतो. चर्चमध्ये टाळ्या — तुमचे भाऊ असते तर उठून बाहेर गेले असते.

तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. थांबा, तुम्ही बोलू नका, तुमची जीभ अडखळेल, मीच सांगते. वहिनी, आज शेवटचा टोला वाजवू नका — हेच ना? मान खाली गेली म्हणजे तेच. आणि पाळकांना आधीच सांगून ठेवलंत की माझ्या पोराचं नाव वाचू नका. मघाशी ते माझी नजर चुकवून गेले तेव्हाच माझ्या लक्षात आलं. भला माणूस आहे, पण नवीन आहे, आणि नव्या माणसाला कमिटीपुढे मूग गिळून बसावं लागतं. तुम्हाला कुठे लागतं? तुम्ही त्याचे सख्खे काका. रविवारशाळेला जाताना तो तुमच्या खांद्यावर बसून जायचा, तुमचे केस लगामासारखे धरून, आणि तुम्ही घोड्यासारखे खिंकाळायचात, सगळा रस्ता हसायचा. आठवतंय ना? मग पायाच्या बोटांकडे काय बघताय.

झेंड्याचं म्हणाल, तर झेंडा मीच धुतला, मीच इस्त्री केला, काल दुपारी लॉन्ड्रीतली गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून. एक सुरकुती दाखवा. झेंड्याशी माझं काही वाकडं नाही, माझाही देश आहे हा, कोणी उसना दिलेला नाही. पण तो क्रूसाच्या पुढे टांगायची अक्कल कोणाची? या, इथून बघा — क्रूसाचं वरचं टोक तेवढं दिसतंय, कोणीतरी पडद्याआड लपून डोकावल्यासारखं. बाजूला लावला असता तर चाललं नसतं? नसतं. कारण पाहुण्यांना दिसायला हवं ना, की आम्ही तुमचे, आमच्यावर शंका घेऊ नका, आम्ही काही बाहेरचे नाही. दर वर्षी आजच्या दिवशी आपण परीक्षेला बसतो भावजी, आणि दर वर्षी काठावर पास होतो. मला कंटाळा आलाय त्या परीक्षेचा. शेजारच्या गल्लीतल्या माणसांना कोणी विचारतं का, तुम्ही कोणाचे म्हणून? मग मी का सांगत सुटू?

बरं, टोल्याचं. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण आज तुम्ही विसरल्यासारखं करताय म्हणून सांगते. ज्याला येता येत नाही त्याला कळावं, की खाली प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं, म्हणून एकेका नावाला एकेक टोला. आधी आजारी, मग प्रवासातले, शेवटी बंदीत असलेले. माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून चालत आलंय हे. लोक अंथरुणात पडून मोजतात. त्या औषधवाल्याची सासू — मागे एकदा माझा खांदा धरला होता, दोर नीट ओढला गेला नाही, तर सोमवारी तिनं निरोप पाठवला, माझा टोला लेचापेचा वाजला, माझ्याकडून काही चूक झाली का. पुढच्या रविवारी तिचा असा दणदणीत वाजवला की घुमटातली पाखरं उडाली. आणि यांच्या जागी मी दोर धरला तेव्हा पहिल्याच खेपेला घाबरून एक टोला जास्त मारला — तीन घरांत लोक विचारत बसले, आपल्याकडे आणखी कोण आजारी पडलं. हसताय? हसा. एका टोल्याचं असं असतं. जास्त झाला तर लोकांची झोप उडते, आणि कमी झाला तर काय होत असेल, ते ज्याचा कमी झाला त्यालाच विचारा.

या दुसऱ्या खिडकीतून बघा. मालधक्क्यापलीकडे ती तुरुंगाची राखाडी भिंत. वारा असा इकडून तिकडे असला की घंटा तिथे स्वच्छ जाते. तीन वर्षं मी त्या भिंतीकडे बघून शेवटचा टोला मारतेय. आणि कशासाठी आत गेला तो? चोरी केली? कोणाचं डोकं फोडलं? बुलडोझर चालवायचा, सरकारी नोकरी, मान खाली घालून काम करणारा पोरगा. आदल्या दिवशी हुकूम आला, परेड ज्या रस्त्यानं जाणार तिथल्या झोपड्या पाडून टाक, पाहुण्यांच्या डोळ्यांना नकोत. स्वातंत्र्याचा दिवस साजरा करायचा म्हणून आधी माणसांना छपरातून बाहेर काढायचं — हे तुम्हाला विचित्र वाटत नाही? त्यालाही आधी वाटलं नव्हतं, मला म्हणाला. गेला मुकाट्यानं. मग एक बाई दारात आली, पोर काखेत, आणि म्हणाली, दादा, चूल पेटलीय, ती विझेपर्यंत थांब, मग पाड. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, एवढंच म्हणाली. यानं इंजिन बंद केलं. थांबला. साहेब आले, म्हणाले, का थांबलास? हा म्हणाला, चूल विझायची आहे. आणि किल्ली काढून गटारात टाकली.

पुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बुलडोझर रस्त्यात आडवा, कोणाला हलेना, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी परेड त्याला वळसा घालून — बँडवाले निम्मे इकडून, निम्मे तिकडून, ढोल एकीकडे आणि पिपाण्या एकीकडे, मधे सूर कुठे लागेना. तुम्हीही हसलात तेव्हा, तोंडावर रुमाल धरून, मी बघितलं. मग राष्ट्रीय सणाचा अपमान म्हणून खटला भरला तेव्हा तुमचं हसू कुठे गेलं? झोपड्या काही वाचल्या नाहीत, माहीत आहे मला. आठवड्यानं दुसरा ड्रायव्हर आला आणि सपाट करून गेला. पण तो आठवडाभर ती माणसं छपराखाली झोपली. पाहुण्यांच्या भाषणात जे स्वातंत्र्य आहे, त्यातलं त्या बाईच्या वाट्याला तेवढंच आलं, आणि ते माझ्या मुलानं दिलं.

काय म्हणता? — हां. आता आलात मुद्द्यावर. या पाहुण्या साहेबांनी शब्द दिलाय. आज चर्च शहाण्यासारखं वागलं, टोला वाजला नाही, तर पुढच्या वर्षी आजच्या दिवशी सुटणाऱ्यांत त्याला घालतील. म्हणजे माझ्यासाठीच आलात तुम्ही, त्याच्या भल्यासाठी, जिना चढून, धापा टाकत. नाही, टोमणा नाही मारत, तुम्हाला खरंच तसं वाटतंय हे दिसतंय मला. सणाच्या दिवशी एक कैदी सोडायची चाल फार जुनी आहे भावजी. तुम्हीच शिकवता ना पोरांना रविवारशाळेत — प्रभूला धरल्यावर सुभेदारानं कोणाला बाहेर आणलं, लोकांनी कोणत्या दरोडेखोराला सोडा म्हणून ओरडा केला आणि कोणाला क्रूसावर द्या म्हणून? दर वर्षी शिकवता, पोरांना चित्रं रंगवायला देता. त्या गर्दीत आपण कुठे उभे असतो, हे कधी विचारलंत त्यांना?

माझं मन झालं नसेल असं वाटतं तुम्हाला? मला तो घरी हवाय. मी आई आहे, दगड नाही. ताट वाढताना अजून हात दोन ताटांकडे जातो. माफी लिहून दे, असं मीच म्हटलं होतं त्याला, जाळीतून, पदर पसरून. तो म्हणाला, आई, किल्लीची माफी मागतो, ती सरकारची होती, माझ्या पगारातून कापा म्हणावं. पण चुलीची नाही मागणार. मला राग आला, फार राग आला. गेल्या भेटीला तीन गाड्या बदलून जाताना वाटभर घोकत गेले की आज याला चार शब्द सुनावते, आणि तिथे गेल्यावर —

काय? तीन गाड्या? हो, म्हटलं खरं मी तसं.

आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका. तो नाही तिथे. त्या भिंतीमागे नाही. उन्हाळ्यात हलवला त्याला, लांब, जिथे आपली घंटा काय, आपल्या गावचं वर्तमानपत्रही पोहोचत नाही. मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर तुमच्या कमिटीनं पुढच्याच रविवारी टोला बंद केला असता, ऐकायलाच कोणी नाही म्हणून. आणि खोटं कशाला सांगू, मीही थांबणार होते. रिकाम्या भिंतीकडे बघून दोर ओढायचा, हात जड व्हायचे माझे. मग एक माणूस लॉन्ड्रीत आला. हातात कपडे नाहीत, काही नाही, नुसता काउंटरपाशी उभा. म्हणाला, बाई, घंटा तुम्हीच वाजवता ना? मी म्हटलं, हो. म्हणाला, कालच सुटलो, मालधक्क्यापलीकडच्या तुरुंगातून. आमच्या बराकीत रविवारी सकाळी सगळे गप्प बसतात. सगळे, ज्यांचा देव वेगळा आहे तेही, ज्यांचा कोणताच नाही तेही. आधीचे टोले आमचे नाहीत, ते आजाऱ्यांचे, हे तुमच्या मुलानं सांगून ठेवलं होतं. पण शेवटचा — त्याच्यावरून मारामारी झाली एकदा. हा म्हणे माझा, तो म्हणे माझा. मग ठरलं, सगळ्यांचा मिळून. आमच्यातल्या काहींना भेटायला वर्षानुवर्षं कोणी आलेलं नाही, बाई. तुम्ही थांबवू नका. एवढं बोलला आणि निघून गेला. मी त्याला चहा विचारायचंही विसरले.

आता सांगा. माझ्या मुलाचा टोला असता ना भावजी, तर आईचं मन आहे, कदाचित दिलाही असता तुम्हाला, पदरात बांधून न्या म्हटलं असतं साहेबांकडे. पण तो माझा नाहीच, तर मी देणार कोण? आज रविवार, त्या भिंतीमागे ती सगळी माणसं आत्ता कान लावून बसली असतील. आज त्यांच्याही अंगणात झेंडा लागला असेल, त्यांनाही रांगेत उभं करून स्वातंत्र्य म्हणजे काय ते सांगितलं असेल. आणि मग आपली घंटा सुरू होईल, आणि शेवटी — काही नाही. आपल्या प्रभूला एका रात्री धरलं, दुसऱ्या दिवशी संपवलं, तो स्वतः बंदीत होता. त्याच्या घरात बंदीवानाचं नाव जड होतं तुम्हाला, तेही आजच्या दिवशी? मग आज काय साजरं करताय खाली बसून?

भितोय म्हणता. हो, भिताच तुम्ही, ते आज पहिल्यांदा तोंडानं बोललात, बरं वाटलं ऐकून. नोकरी आहे, मुलीचं लग्न आहे, सगळं खरं आहे, मी हसत नाही त्याला. पण एक सांगते. तो तिकडे चार भिंतींत आहे, पण कोणाच्या तोंडाकडे बघून त्याला हसावं लागत नाही. आणि तुम्ही सकाळपासून पाहुण्यांच्या भुवईकडे बघताय, वर गेली की खाली आली. तुमची सुटका कोणत्या वर्षी आहे भावजी? कोणत्या यादीत?

शू — टाळ्या संपल्या. पाळक उभे राहिले. सरका जरा, मला पाय रोवायला जागा हवी. पहिलं नाव — औषधवाल्याची सासू. हा घ्या. ऐकलंत? तक्रार नाही करणार आता. — पुढचं, तो शिंपी, त्याच्या मूत्रपिंडाचं काहीतरी आहे. — शाळेच्या शिपायाची सून. — आता प्रवासातले, ती नर्स, परदेशी गेलेली, तिला ऐकू जात नाही, पण तिची आई मागच्या आळीत ऐकते. — बस. पाळकांनी हात खाली घेतला. डोळे मिटले. वर बघायचं धाडस होत नाहीये त्यांना. तुमच्या हिशेबानं झालं सगळं, पहिला बाक उठायच्या तयारीत आहे.

भावजी, दोर सोडा.

तुम्हाला ढकलायची ताकद माझ्यात नाही, तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. उद्या कमिटी बोलवा. दोर काढून घ्या माझ्याकडून, ज्याला द्यायचा त्याला द्या, मी मनोऱ्याची किल्ली स्वतः घरी आणून देईन, गटारात नाही टाकणार. पण आज तो माझ्या हातात आहे. खाली कोणी विचारलं तर सांगा, जिना मोठा होता, पोहोचायला उशीर झाला. नाहीतर खरं काय ते सांगा. तेवढं स्वातंत्र्य आज तुम्हालाही आहे.

हं. सोडलात. आता सरका.