उजवा कौल

गोवंडीच्या टीबी दवाखान्यात माझ्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. मुलीला आता कुठलं औषध लागू पडेल, त्याचा रिपोर्ट यायचा होता.

“आई, पाय नको ना हलवू. अख्खा बाक हलतोय.”

“मी मनाने नाय बंद केल्या गो गोळ्या. गावी देवीला कौल लावला. फूल उजवीकडे पडलं, तेव्हाच थांबवल्या.”

“आणि मी येडी, ऐकलं तुझं. अर्धवट गोळ्यांनी लेचेपेचे जंतू मेले, दणकट तेवढे उरले. आता त्यांचीच पिलावळ वाढलीय. वाट लागली.”

“पण दणकट केलं कोणी त्यांना?”

“कोणी नाही. काही आधीच तसे होते, ते उरले. निसर्ग कोणाला विचारत नाही.”

“असं कसं, रुचिरा? देवीच्या मर्जीशिवाय झाडाचं पान हलत नाय.”

“मग जंतूपण तिचीच लेकरं ना? त्यांनीपण कौल लावला असेल.”

“गप बस गो.”

“त्यांचंपण फूल उजवीकडेच पडलं, आई.”

मग बाक पुन्हा हलायला लागला.