सुपारीखालची पावती

अगं, आधी हे ऐक! बंगळुरूहून रायपूरला उतरले, तर माझी बॅगच आली नाही. सोळा सोमवारच्या उद्यापनासाठी सवाष्णींना घेतलेल्या साड्या तिच्यात! विमानतळावर तक्रारीची पावती मिळाली. विम्याचा दावा केला आणि ती पावती देवघरात सुपारीच्या गणपतीखाली ठेवली. म्हटलं, "बाप्पा, भरपाई मिळेपर्यंत तुला जागचं हलवणार नाही."

एक दिवस विमावाल्या मुलीचा फोन. "दीदी, रसीद का फोटो आज ही भेजिए, नहीं तो क्लेम बंद."

मी फोन स्पीकरवर टाकून देवघरापुढेच बसले! आमचे हे ओरडले, "काहून बसून राहिली? उचल ना ती सुपारी!"

"अहो, देवाला बोलून बसले ना मी!"

ते ऐकून ती मुलगी म्हणाली, "दीदी, अक्षत चढ़ाके थोड़ा सरका दीजिए. मेरी मम्मी भी यही करती है."

अक्षता वाहिल्या, गणपती सरकवला, कुंकवाच्या डागांसकट फोटो पाठवला. चौथ्या दिवशी तिचाच फोन, क्लेम मंजूर! मी देवाला हात जोडतेय, तर ती हळूच म्हणते, "दीदी, मेरी ट्रांसफर की अर्ज़ी अटकी है. व्हाट्सअप कर दूँ? प्रिंट निकालके उसी सुपारी के नीचे रख देना."